तेलाचा लेख आणि महिपतींची लेखणी

श्रोतेहो, काल कीर्तन आटोपल्यावर वऱ्हाडातून आलेली एक माउली पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, आमची गाडी उद्या पहाटे शिर्डीला, दुपारी शिंगणापूरला, अन् रात्री परतीला लागते. नगर जिल्ह्यात पाहायचं ते एवढंच ना?" मी म्हटलं, "माय, याचं उत्तर उद्याच्या कीर्तनात देतो." ती हसली. म्हणाली, "उद्या आम्ही कुठं असणार?" बरोबर आहे तिचं. आत्ता ती गाडीत असेल. तेव्हा तिचं उत्तर मी तुमच्या पदरात घालतो. तुमच्या गावी कुणी यात्रेला निघालं, तर त्याला सांगा.

शिर्डी आणि शिंगणापूर, दोन्ही स्थानांना माझा साष्टांग दंडवत. १९१८ सालच्या विजयादशमीला साईबाबांनी देह ठेवला, आणि एका लहानशा खेड्याकडे सगळ्या देशाची वाट वळली. शिंगणापूरला शनिदेव उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छत नाही. गावातल्या घरांना दार लावायचं नाही ही तिथली रीत. ही स्थानं पाहावीतच. पण या दोन ठिकाणांच्या मध्ये गाडी राहुरीवरून जाते. राहुरीच्या एका अंगाला एक गाव आहे, शिंगणापूरच्या पलीकडे दुसरं गाव आहे, आणि गाडी दोन्ही गावं चुकवून निघून जाते. आजचं निरूपण त्या चुकलेल्या वाटेचं.

पहिलं गाव नेवासे. प्रवरेच्या काठचं जुनं निधिवास. इथं १९५४ ते १९५६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी उत्खनन केलं, तेव्हा पार अश्मयुगापर्यंतचे माणसाचे माग या मातीत सापडले. इथलं दैवत मोहिनीराज. विष्णूंनी मोहिनीरूपात अमृत वाटलं ते याच ठिकाणी, अशी इथली श्रद्धा. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं शिर उडालं ते राहुरीत पडलं आणि काया पडली ते कायगाव, असं आमची म्हातारी माणसं सांगतात. कथा म्हणून ऐका, पण गंमत पाहा, आपल्याकडे गावांची नावंसुद्धा पुराण सांगतात!

तर मंडळी, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आळंदीची चार भावंडं शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली होती, तिथून परत निघाली ती नेवाशाला थांबली. ज्ञानोबारायांचं वय पंधरा-सोळा. आपल्या घरातलं त्या वयाचं पोर डोळ्यांपुढं आणा. त्या वयाचा मुलगा एका खांबाला टेकून बसतो आणि गीतेचा अर्थ मराठीत सांगू लागतो. लिहून घेतात सच्चिदानंदबाबा. परंपरा सांगते, बाबांचं प्रेत स्मशानाकडे निघालं होतं, माउलींनी त्यांना परत उठवलं, आणि मिळालेलं ते दुसरं आयुष्य त्यांनी लेखणीला दिलं. ग्रंथाच्या शेवटी शकाचा उल्लेख आहे, रामदेवराव यादवांचा आहे, आणि लिहून घेणाऱ्या या सच्चिदानंदबाबांचाही आहे. सांगणाऱ्याने लिहिणाऱ्याला विसरू नये, हा तिथला पहिला धडा.

आता तो खांब. त्याला आपण पैस खांब म्हणतो. लोक येतात, डोकं टेकवतात, फोटो काढतात आणि निघतात. पण त्या खांबावर अक्षरं कोरलेली आहेत, तिकडे किती जणांचं लक्ष जातं? लेख संस्कृतात आहे, आणि माउलींच्या ग्रंथाशी त्याचा काही संबंध नाही. तिथं पूर्वी करवीरेश्वर महादेवाचं देऊळ होतं. अभ्यासकांनी त्या लेखाचा अर्थ लावला तो असा: देवापुढचा दिवा अखंड जळावा म्हणून आजोबांनी पूर्वी तेल लावून दिलं होतं, पुढे नातवाने दरमहाच्या पैशांची सोय करून ते दान चालू ठेवलं. बस, एवढाच लेख. तेलाचा.

बघा बरं का, करवीरेश्वराचं देऊळ गेलं. तो दिवा विझला. तेल देणाऱ्याचा वंश कुठं आहे, कुणाला ठाऊक नाही. राहिला तो एकटा खांब आणि त्याच्यावरचा तेलाचा लेख. आणि माउलींनी पाठ टेकली ती नेमकी त्याच खांबाला! आजोबा-नातवाला वाटलं होतं, दिवा देवळात जळेल. तो जळतोय साऱ्या महाराष्ट्रात, सातशे वर्षांहून जास्त. दान करणाऱ्याला आपलं दान कुठवर जाणार हे कळत नसतं. म्हणून हिशेब न करता द्यावं. पुढच्या काळात वैकुंठवासी बन्सी महाराज तांबे यांनी खपून या खांबाभोवती मंदिर उभं केलं, म्हणून तो आज सावलीत आहे.

पण दिवा तेवत ठेवायचा तर काजळीही झाडावी लागते. हाताने नकलता नकलता ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी पोथ्या ताडून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी. आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, असं परंपरा मानते. आता आपली गाडी वळवा दक्षिणेला, श्रीगोंद्याला. तिथं शेख महंमदबाबांची समाधी आहे. जन्माने मुसलमान, 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ लिहिणारे, विठ्ठलाचे भक्त. त्यांचेही गुरू तेच चांद बोधले. म्हणजे माउलींचा ग्रंथ निर्मळ करणारे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद एकाच गुरुघराण्याचे! शिवरायांचे आजोबा मालोजीराजे बाबांना गुरुस्थानी मानत. नगर शहरात शाहशरीफ यांचा दर्गा आहे. मालोजीराजांनी तिथं नवस केला आणि मुलं झाल्यावर त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिकत तुम्ही ऐकलीच असेल. या मातीत देवाच्या नावाने भिंत घालायची रीत नव्हती. ती आपणही घालू नये.

श्रीगोंद्याहून पुढे कर्जत तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धटेक. अष्टविनायकांतला आपल्या जिल्ह्यातला हा एकच गणपती, उजव्या सोंडेचा. मंदिर बांधलं अहिल्यादेवी होळकरांनी. त्यांचं जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात. ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंद्यांच्या घरी ही लेक जन्मली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. घरातले दिवे एकामागून एक विझले. त्या बाईंनी काय करावं? काशीला विश्वनाथाचं मंदिर उभं केलं, गयेला विष्णुपद, वेरूळला घृष्णेश्वर, सोमनाथ. ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा. आपलं घर अंधारलं म्हणून त्यांनी देशाच्या देवळांत दिवे लावले. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. आता आपण अहिल्यानगरचे झालो. नाव पाटीवर आलं, ते वागण्यात उतरलं पाहिजे.

आता नगर शहर. निजामशाहीचा मूळपुरुष मलिक अहमद याने १४९० मध्ये सीना नदीकाठी ते वसवलं. माळीवाड्यात ग्रामदैवत विशाल गणपती, आधी त्याचं दर्शन घ्यावं. मग दमडी मशीद पाहावी. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी एकेक दमडी साठवून ती बांधली, असं लोक सांगतात. त्या दगडावरचं कोरीव काम पाहून तुम्ही दमडीला कधी कमी लेखणार नाही. मग भुईकोट किल्ला. चांदबिबीने मोगलांपुढे लढवलेला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव अशा पुढाऱ्यांना इथंच कोंडलं. त्या बंदिवासात नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला, तो १९४४ च्या पाच महिन्यांत, आणि मौलानांनी 'गुबारे खातिर'मधली पत्रं. दारं बंद, पण लेखणी मोकळी! किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा जाण्याआधी चौकशी करून जावं.

पाथर्डीच्या रस्त्यावर डोंगरावर एक अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. मीही तरुणपणी कीर्तनात ठोकून दिलं होतं, "चांदबिबी तिथून शत्रूवर नजर ठेवायची!" टाळ्याही मिळाल्या. एके दिवशी एक वृद्ध शिक्षक कीर्तनानंतर हळूच म्हणाले, "बुवा, ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे." त्या रात्री मला झोप लागली नाही. व्यासपीठावरून बोललेलं लोक खरं मानतात, म्हणून तिथं जिभेला लगाम हवा. आणि हा लगाम कसा असतो हे ज्याने दाखवलं, त्याचं गाव म्हणजे आजचं दुसरं गाव, राहुरी तालुक्यातलं ताहराबाद.

संतकवी महिपती ताहराबादकर. जन्म १७१५, समाधी १७९०. गावचे कुलकर्णी. परंपरेतली हकिकत अशी की एकदा ते देवपूजेत असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा उरकून येतो म्हटलं तर तो ऐकेना, वाट्टेल ते बोलला. महिपती उठले, गेले, काम करून दिलं. घरी येऊन लेखणी देवापुढे ठेवली. म्हणाले, यापुढे ही लेखणी चाकरीची नाही, संतांची. त्यानंतर 'भक्तविजय', 'भक्तलीलामृत', 'संतलीलामृत' असे ग्रंथ झाले. एकट्या 'भक्तविजया'चे सत्तावन अध्याय, तो १७६२ मध्ये पुरा झाला. पुढे जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन पाद्र्याने पंडित गोडबोल्यांबरोबर त्याचं इंग्रजी केलं. आणि महिपतींनी स्वतः सांगून ठेवलंय, की यातलं पदरचं काही नाही, नाभाजींच्या आणि उद्धवचिद्घनांच्या ग्रंथांचा मला आधार आहे. एवढा मोठा ग्रंथकर्ता, आणि आधी उसनवारी कबूल करतो!

श्रोतेहो, आता माझी कबुली. मी एकोणिसाव्या वर्षी कीर्तनाला उभा राहिलो. बिदागी मिळाली अकरा रुपये आणि नारळ. आख्यान होतं गोरोबाकाकांचं, भक्तविजयातलं. त्यानंतर नामदेव, जनाबाई, चोखोबा, सावता महाराज, ज्यांच्या ज्यांच्या कथा मी सांगितल्या त्या बहुतेक महिपतींनी रांधून ठेवलेल्या. माझी चूल त्यांच्या पोथीवर पेटली, पोरांची शिक्षणं झाली, लेकीचं लग्न झालं. काशी केली, रामेश्वर केलं. आणि माझ्याच जिल्ह्यातल्या ताहराबादला मी पन्नाशी उलटेपर्यंत गेलो नव्हतो! कुणी नेलं नाही, आणि माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी एका श्रावणात गेलो. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. विचारलं, "कुठून आलात?" म्हटलं, "याच जिल्ह्यातला आहे. कीर्तनकार आहे." त्यांनी माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मग बराच उशीर केलात." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. विठ्ठलापुढे डोकं ठेवलं तेव्हा मला मागायला काही सुचेना. ज्याचं खाल्लं त्याच्या दारात माणूस काय मागणार?

तेव्हा त्या वऱ्हाडच्या माउलीला माझं उत्तर हेच. शिर्डी कर, शिंगणापूर कर, पण एक मुक्काम वाढव. राहुरीहून आत वळून ताहराबाद कर. नेवाशाला जा, आणि जाताना दोन पळ्या तेल घेऊन जा. खांबापुढे दिवा असेल त्यात घाल. सवड मिळाली तर पारनेर तालुक्यात पिंपळनेरला निळोबारायांच्या समाधीवर माथा ठेव. तुकोबारायांचा वारसा त्यांनी पुढे नेला. हेही नाही जमलं, तर घरी जाऊन एक कर. तुझ्या सासूबाईंनी फडक्यात बांधून फळीवर ठेवलेली पोथी असेल, भक्तविजयाची नाहीतर ज्ञानेश्वरीची. ती खाली काढ, धूळ झाड, आणि नातवाला जवळ बसवून एक पान वाच. आजोबांनी लावलेलं तेल नातवाने पुढे चालवायचं, हेच तर त्या खांबावर लिहिलंय.

उशीर मीही केला. तुम्ही करू नका.

रामकृष्ण हरी!