व्हायरस प्रथिने व कोशिकाचक्र

काही व्हायरसांची प्रथिने पोषक कोशिकेच्या विभाजनाचे नियंत्रण बिघडवितात. मानवी पॅपिलोमा व्हायरस हे याचे ठळक उदाहरण होय. त्याच्या जीनसंचात सुमारे ८,००० क्षारक-जोड्याच असून डीएनएची प्रतिकृती करणारे मुख्य एंझाइम त्याच्याजवळ नसते. त्यासाठी तो पोषक कोशिकेवर अवलंबून असतो. म्हणून विभाजन थांबलेल्या कोशिकेलाही तो डीएनए-संश्लेषणाच्या अवस्थेत ढकलतो.

या क्रियेचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. १९७९ मध्ये माकडांतील एसव्ही ४० या व्हायरसाच्या टी प्रतिजनाला जोडलेले पी५३ हे कोशिकेचे प्रथिन आढळले. १९८८ मध्ये ॲडिनोव्हायरसाचे ई१ए प्रथिन कोशिकेच्या आरबी प्रथिनाशी बद्ध होते, असे दिसून आले. दरम्यान जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सूर हाउझेन व त्यांचे सहकारी यांनी गर्भाशय ग्रीवेच्या कर्करोगात पॅपिलोमा व्हायरसाचे १६ (१९८३) व १८ (१९८४) हे प्रकार शोधून काढले. १६ या प्रकाराचे ई७ प्रथिन आरबीला निष्क्रिय करते (१९८९) आणि ई६ प्रथिन पी५३ चा नाश घडवून आणते (१९९०), हे पुढे सिद्ध झाले. आरबी हा विभाजनावरील लगाम, तर पी५३ हा बिघडलेल्या कोशिकेला थांबविणारा पहारेकरी होय. बहुतेक संसर्ग आपोआप नाहीसे होतात. परंतु संसर्ग दीर्घकाळ टिकल्यास दोन्ही बंधने सुटून कर्करोग उद्‌भवू शकतो.

या ज्ञानाचे मोल महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या बाबतीत प्रत्ययास आले. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांवर अध्ययन केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटास व्हायरसाच्या डीएनएची एकच चाचणी देऊ केली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू तपासणी नसलेल्या गटाच्या मानाने जवळजवळ निम्मे झाले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीस २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. अशा लशी व्हायरसाच्या बाह्य आवरणातील प्रथिनावर आधारलेल्या असल्याने संसर्ग टाळतात. पण कोशिकेत आधीच शिरलेल्या व्हायरसाच्या ई६ व ई७ प्रथिनांचे कार्य त्या थांबवीत नाहीत. म्हणून लसीकरणाबरोबर प्रौढ स्त्रियांची तपासणीही आवश्यक ठरते.