मूलभूत डेटा प्रकारांच्या मूल्यमर्यादा

मूलभूत डेटा प्रकारांच्या मूल्यमर्यादा म्हणजे प्रोग्रॅमिंग भाषेतील पूर्णांक, अक्षर, अपूर्णांक इत्यादी प्रकारच्या चलांत साठवता येणारी सर्वांत लहान व सर्वांत मोठी मूल्ये होत. प्रत्येक चलासाठी स्मृतीत ठरावीक बिट राखलेले असल्याने त्यात मावणाऱ्या मूल्यांनाही सीमा असते. सी आणि सी++ या भाषांत ही सीमा कंपायलर व यंत्रणेनुसार बदलू शकते. त्यामुळे ती गृहीत न धरता प्रोग्रॅममधूनच मिळवणे आवश्यक ठरते.

मर्यादा कशा ठरतात

८ बिटांच्या २५६ वेगवेगळ्या रचना होतात. चिन्हरहित प्रकारात त्यांनी ० ते २५५ या संख्या दर्शवल्या जातात, तर चिन्हसहित प्रकारात −१२८ ते १२७. शून्याची गणना ऋणेतर बाजूला होत असल्याने धन बाजूची सीमा एकाने कमी असते. याच नियमाने चिन्हसहित पूर्णांकांच्या मर्यादा पुढीलप्रमाणे येतात:

- १६ बिट: −३२,७६८ ते ३२,७६७
- ३२ बिट: −२,१४,७४,८३,६४८ ते २,१४,७४,८३,६४७
- ६४ बिट: कमाल मूल्य ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७

सी भाषेचे मानक 'इंट' हा प्रकार किमान १६ बिटांचा असावा एवढीच हमी देते. एमएस-डॉसवरील टर्बो सी या कंपायलरमध्ये तो १६ बिटांचा होता. आजच्या बहुतेक संगणकांवर तो ३२ बिटांचा असतो. 'लाँग' हा प्रकार ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचा, तर ६४-बिट लिनक्सवर ६४ बिटांचा असतो.

उदाहरणार्थ, २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. ही संख्या ३२ बिटांच्या 'इंट'मध्ये सहज मावते. १६ बिटांच्या 'इंट'मध्ये मात्र तिचे फक्त शेवटचे १६ बिट उरतात आणि लोकसंख्या −२३,३३१ अशी दिसते.

मर्यादा शोधण्याच्या पद्धती

सी भाषेत 'लिमिट्स.एच' ही शीर्षक फाइल जोडल्यावर 'इंट_मिन', 'इंट_मॅक्स', 'लाँग_मॅक्स' आदी स्थिरांक वापरता येतात. 'साइझऑफ' ही क्रिया प्रकाराचा आकार बाइटमध्ये सांगते, तर 'चार_बिट' हा स्थिरांक एका बाइटमधील बिटांची संख्या देतो. सी++ मध्ये 'न्यूमेरिक_लिमिट्स' या साच्यातून कोणत्याही मूलभूत प्रकाराची मर्यादा विचारता येते.

मर्यादा गणितानेही काढता येते. चिन्हरहित प्रकाराच्या चलात −१ ठेवल्यास सर्व बिट १ होतात व त्या प्रकाराचे कमाल मूल्य मिळते. याउलट, चिन्हसहित चलात संख्या ऋण होईपर्यंत एक-एक मिळवत जाण्याची पद्धत सदोष आहे. सी भाषेत चिन्हसहित पूर्णांकाने मर्यादा ओलांडल्यास काय व्हावे हे मानकाने निश्चित केलेले नाही. असे कधी घडणारच नाही असे गृहीत धरून कंपायलर अट काढून टाकू शकतो व प्रोग्रॅम अखंड फिरत राहू शकतो.

अक्षरे

'चार' हा प्रकार सामान्यतः ८ बिटांचा असतो. तो चिन्हसहित आहे की चिन्हरहित, हे कंपायलरवर अवलंबून असल्याने 'चार_मॅक्स'चे मूल्य १२७ किंवा २५५ येते. युनिकोडमध्ये 'र' या अक्षराचा क्रमांक २३५२ असल्याने ते एका 'चार'मध्ये मावत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत त्यास ३ बाइट लागतात. 'रत्नागिरी' या शब्दात काना, वेलांट्या व हलन्त धरून ९ युनिकोड चिन्हे आहेत; म्हणून तो २७ बाइट व्यापतो.

फ्लोटिंग पॉइंट प्रकार

'फ्लोट' व 'डबल' यांच्या मर्यादा 'फ्लोट.एच' या फाइलमध्ये असतात. येथे 'डीबीएल_मिन' म्हणजे सर्वांत मोठी ऋण संख्या नव्हे, तर पूर्ण अचूकतेने साठवता येणारी सर्वांत लहान धन संख्या होय. ऋण बाजूची सीमा 'डीबीएल_मॅक्स'चे चिन्ह बदलून मिळते. सी++११ पासून त्यासाठी 'लोएस्ट' हे फलन उपलब्ध आहे.

अन्य भाषा

जावामध्ये 'इंट' सर्वत्र ३२ बिटांचाच असतो व त्याची सीमा 'इंटीजर' वर्गातील 'मॅक्स_व्हॅल्यू' या स्थिरांकात मिळते. पायथॉनमधील पूर्णांकास ठरावीक बिटांची मर्यादा नसते. उपलब्ध स्मृती हीच त्याची सीमा. जावास्क्रिप्टच्या 'नंबर' प्रकारात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने अचूक राहतात.

मर्यादा ओलांडण्याचे परिणाम

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात एका मिनिटाच्या आत नष्ट झाले. ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या चिन्हसहित पूर्णांकात बदलताना ती न मावल्याने त्याची दिशादर्शक यंत्रणा बंद पडली होती.

१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हसहित पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालींची सीमा भारतीय प्रमाणवेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. त्यानंतरच्या सेकंदाला अशा प्रणाली डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू शकतात.

हे टाळण्यासाठी तपासणी गणनेपूर्वीच करतात. 'अ' आणि धन संख्या 'ब' यांची बेरीज करण्याआधी 'अ' हा 'इंट_मॅक्स वजा ब' यापेक्षा मोठा नाही ना, हे पाहिले जाते. बेरीज केल्यानंतरची तपासणी सी भाषेत विश्वासार्ह नसते.