बोटभर दंडाचा रक्तदाब

सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेलं बाळ रावेरच्या दवाखान्यातून जळगावच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं, की घरची माणसं दोन गोष्टी विचारतात: वजन किती भरलं, आणि पोर गार तर पडलं नाही ना? रक्तदाबाचं कुणी विचारत नाही. बीपी म्हणजे थोरामोठ्यांचं दुखणं, अशीच आपली समजूत. वैद्यकाचंही लक्ष फार काळ मोठ्यांवरच होतं.

स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त आठ फूट तीन इंच चढलेलं पाहिलं आणि १७३३ मध्ये ते छापलं. रिव्हा-रोच्चीचा दंडाला बांधायचा पट्टा १८९६ चा, कोरोटकॉफने स्टेथोस्कोपमधून ऐकलेले आवाज १९०५ चे. बोटभर जाडीच्या दंडात ते आवाज धड ऐकूच येत नाहीत, म्हणून नवजात बाळ या सगळ्यातून सुटलं.

१९५२ मध्ये गोल्डरिंग आणि वोल्टमन यांनी कानाऐवजी डोळा वापरला. बाळाचा पंजा आवळून गुंडाळायचा, पट्टा फुगवायचा, गुंडाळी सोडायची. पांढऱ्याफटक पंजावर लाली परतेल त्या क्षणीचा आकडा म्हणजे साधारण सरासरी दाब. मला या साऱ्या वंशावळीत हीच पायरी सर्वांत सुंदर वाटते. पुढे नाळेच्या धमनीतली नळी आली, डॉप्लर आला, आणि १९७० च्या दशकात धमनीची कंपनं मोजणारं स्वयंचलित यंत्र आलं. आज मॉनिटरवर दिसतो तो बहुधा त्याचाच आकडा. पट्टा दंडाच्या घेराच्या निम्म्याएवढा रुंद हवा. अरुंद असला तर दाब खोटाच जास्त दिसतो. फार चिमुकल्या बाळाचा दाब खरोखर घसरला असेल, तेव्हाही हे यंत्र तो जास्त दाखवू शकतं.

मोजणं जमलं, अर्थ मात्र अडला. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये सोपा ठोकताळा दिला: जितके आठवडे गर्भात, तितका तरी सरासरी दाब हवा, अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाला अठ्ठावीस. पाठ व्हायला सोपा, म्हणून तो जगभर रुजला. पुरावा तुटपुंजाच होता. त्या आकड्याखालच्या बाळांना दाब वाढवणारं डोपामाइन हे औषध द्यावं की नाही, हे तपासायला युरोप-कॅनडात मोठी चाचणी आखली गेली. ८३० बाळं हवी होती, मिळाली ५८. २०२१ च्या तिच्या अहवालानंतरही प्रश्न खुलाच राहिला.

म्हणून जाणते डॉक्टर एकट्या आकड्यावर औषध सुरू करत नाहीत. छातीवर बोट दाबून रंग तीन सेकंदांत परततो का, तळवे उबदार आहेत का, लघवी होते का, हेही पाहतात. यासाठी यंत्र लागत नाही. रावेरलाही हे पाहता येतं. आणि रेफर चिठ्ठीवर दाब लिहायचाच, तर शेजारी पट्ट्याचा नंबर, हात की पाय, बाळ झोपलेलं होतं की रडत होतं, हेही लिहावं. त्याशिवाय जळगावच्या डॉक्टरला तो आकडा नीट वाचता येणार नाही.