नाम, लिपी आणि शोध : नाशिकच्या मूकपटांच्या नोंदीविषयी

चित्रपटांचा जसा इतिहास आहे, तसा त्यांच्याविषयीच्या माहितीचाही आहे. कोणता पट कोणत्या साली निघाला, त्यात कोणी भूमिका केल्या, या प्रश्नांची उत्तरे प्रथम छापील सूचींत शोधली जात. फिरोझ रंगूनवाला यांची इ. स. १९७० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेली भारतीय चित्रपटसूची हे त्याचे उदाहरण होय. पुढे हे काम संगणकाकडे आले व शोधाचा वेग वाढला. परंतु वेगाबरोबर अचूकताही वाढली काय, हा प्रश्न स्वतंत्र आहे. आणि त्याची परीक्षा पाहण्यास नाशिकचे मूकपट हे उचित क्षेत्र ठरते.

संगणकीय शोधाचा एक महत्त्वाचा आरंभ इ. स. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाला. ‘यूजनेट’ या संगणकीय पत्रव्यवहाराच्या जाळ्यावर चित्रपटांचे रसिक नट, नट्या व दिग्दर्शक यांच्या याद्या हौसेने तयार करीत असत. कॉल नीडम या अभियंत्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात या याद्यांत शोध घेणाऱ्या छोट्या आज्ञावली प्रसृत केल्या. त्यांत चित्रे नव्हती, की बटणे नव्हती. युनिक्स प्रणालीच्या कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा लिहावयाच्या ओळीत, नाव टंकावयाचे. आज्ञावली याद्यांतील नोंदी तपासून जुळणारी नोंद पडद्यावर उमटवी. ‘इंटरनेट मूव्ही डेटाबेस’ या विख्यात संग्रहाचा उगम हाच होय. इ. स. १९९८ मध्ये तो ॲमेझॉन कंपनीने विकत घेतला.

अशा शोधाचे मर्म अक्षरांच्या तुलनेत आहे. वाचक नाव ऐकतो. यंत्र केवळ चिन्हे ताडून पाहते. त्यामुळे नाव कोणत्या लिपीत व कोणत्या वर्णविन्यासाने लिहिले आहे, यावर उत्तर अवलंबून राहते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईस प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले काम नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासूर’ (१९१३), ‘सत्यवान सावित्री’ (१९१४) व ‘लंकादहन’ (१९१७) हे पट येथलेच. इ. स. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही येथेच उभी राहिली. ‘फाळके’ या नावातील ‘ळ’ रोमन लिपीत गेला की ‘ल’ होतो. हिंदीत तर बहुधा ‘फाल्के’ असेच लिहितात. युनिकोडमध्ये ‘ल’ला ०९३२ व ‘ळ’ला ०९३३ हे षोडशमान क्रमांक आहेत. स्थाने शेजारची असली तरी यंत्राच्या लेखी ही दोन भिन्न चिन्हे होत. हीच गोष्ट ‘हरिश्चंद्र’ व ‘हरिश्चन्द्र’ यांची.

ध्वनिसाम्यावरून नावे जुळविण्याचा उपायही जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी ‘साउंडेक्स’ या पद्धतीचे एकस्व इ. स. १९१८ मध्येच मिळविले. तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात नावाचे पहिले रोमन अक्षर कायम ठेवून नंतरच्या व्यंजनांना वर्गवार अंक देतात; स्वर व ‘एच’ गाळतात. या रीतीने ‘साळुंके’ व ‘साळुंखे’ या दोहोंचा संकेत ‘एस ४५२’ असा एकच येतो. परंतु ‘सोलंकी’ याचाही संकेत तोच! उलट ‘फाळके’ हे नाव ‘पीएच’ने लिहिल्यास ‘पी ४२०’ व ‘एफ’ने लिहिल्यास ‘एफ ४२०’ असे दोन संकेत होतात. म्हणजे भिन्न कुळे एकत्र येतात आणि एकच व्यक्ती दुभंगते. इंग्रजी उच्चारांसाठी योजलेली पद्धत मराठी नावांना लावली की असे घडणे अपरिहार्य आहे.

वर्णांप्रमाणेच वर्गीकरणही अडचण निर्माण करते. यूजनेटवरील याद्यांत नट व नटी यांचे विभाग वेगळे होते. अण्णा साळुंके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची, तर ‘लंकादहन’मध्ये राम व सीता या दोघांचीही भूमिका केली. तारामतीची भूमिका करणारी व्यक्ती नट्यांच्या यादीत शोधणाऱ्यास ती तेथे मिळणार नाही. ‘मोहिनी भस्मासूर’मधील मोहिनी, कमलाबाई कामत, पुढे विवाहानंतर कमलाबाई गोखले झाल्या; दोन्ही नावांचा संबंध कोणी लिहून ठेवला नसेल, तर त्यांचे कर्तृत्वही दोन ठिकाणी विभागले जाईल. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा प्रभातचा बोलपट तर मराठी व हिंदी अशा दोन नावांनी निघाला.

येथे दोष आज्ञावलीचा नव्हे. तिची रचना करणे तुलनेने सोपे आहे. कठीण आहे ते तिच्यामागील सूची सिद्ध करणे. प्रत्येक व्यक्तीस व पटास स्वतंत्र क्रमांक द्यावा, मूळ मराठी रूप देवनागरीत प्रथम नोंदवावे, आणि हिंदी, रोमन, विवाहपूर्व व विवाहोत्तर अशी सर्व रूपे त्या क्रमांकाशी जोडावीत. क्रमांकाची योजना मोठ्या संग्रहांनी स्वीकारली आहेच. नामरूपांचा विचार मात्र ती भाषा जाणणाऱ्यांनीच करावयाचा आहे. तो न झाल्यास पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे उमटते आणि पाहणारा त्याचा अर्थ ‘असे कोणी नव्हतेच’ असा घेतो. बहुसंख्य मूकपटांच्या फिती नष्ट झाल्या आहेत. त्यांत काम करणाऱ्यांचे नावाखेरीज फारसे काही मागे उरलेले नाही. म्हणून ते नाव शुद्ध लिहिले जाणे हे त्यांच्या इतिहासाचे पहिले कार्य होय.