मृत्यूच्या आधीची तबकडी

इतिहास लिहिणाऱ्याला गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असतो. हे त्याचे बळ खरे. पण पुष्कळदा तेच त्याला चकवते. जॉय डिव्हिजन या इंग्रज रॉक वाद्यवृंदाची ‘अननोन प्लेझर्स’ ही पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १५ जून १९७९ रोजी निघाली. पुढे १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, तिचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. तो अवघा २३ वर्षांचा होता. तेव्हापासून ही तबकडी एखाद्या मृत्युपत्रासारखी ऐकली जाते. मला हे पटत नाही.

मुळापासून पाहू. जून १९७६ मध्ये मँचेस्टरला सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. मोजक्या श्रोत्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे शाळासोबती होते. ते ऐकून हुकने लगोलग बेस गिटार विकत घेतली. पुढे गायक म्हणून कर्टिस आणि ड्रमवर स्टीफन मॉरिस येऊन मिळाले. त्यांची तबकडी काढली ती लंडनच्या बड्या कंपनीने नव्हे, तर मँचेस्टरच्याच फॅक्टरी या नवजात संस्थेने. दूरचित्रवाणीवरील निवेदक टोनी विल्सन आणि त्याचे सहकारी ती पदरमोड करून चालवीत. अशा स्वतंत्र संस्थांवरूनच ‘इंडी’ हे नाव रूढ झाले. पहिल्या खेपेस १०,००० प्रती निघाल्या.

ध्वनिमुद्रण एप्रिल १९७९ मध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट येथे झाले. व्यासपीठावर हे चौघे दणदणाट करीत. निर्माता मार्टिन हॅनेट याने तो दणदणाटच मोडला. ड्रमचे आवाज सुटे करून घेतले, नाद क्षणभर उशिराने परतवणाऱ्या डिजिटल यंत्रातून ते फिरवले, लिफ्टची घरघर आणि फुटत्या काचेचा आवाजही त्यात मिसळला. हुक आणि समनर यांना हे मुळीच रुचले नाही. तसे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. म्हणजे ज्या गारठलेल्या पोकळीला आपण कर्टिसच्या मनाची छाया समजतो, ती बऱ्याच अंशी एका हट्टी तंत्रज्ञाची करणी आहे.

वेष्टनाचेही तेच. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या रेघांत कोणाला हृदयाचे ठोके दिसतात. वस्तुतः १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना आढळलेल्या स्पंदताऱ्याच्या रेडिओ-लहरींचा तो आलेख आहे. समनरला तो खगोलशास्त्राच्या एका कोशात सापडला.

‘शीज लॉस्ट कंट्रोल’ या गीताकडे पाहा. कर्टिसला अपस्मार होता, म्हणून ते त्याचे आत्मकथन मानण्याचा मोह होतो. परंतु तो अपंगांना काम मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरीस होता. तेथे येणाऱ्या एका अपस्मारग्रस्त तरुणीच्या व्यथेवरून आणि मृत्यूवरून त्याला ते सुचले.

कर्टिसच्या अंताचे दुःख मी कमी लेखीत नाही. पण प्रत्येक स्वरात आपण त्याचाच मृत्यू ऐकू लागलो, की हॅनेटचा हट्ट, सोबत्यांची नाराजी आणि कामाच्या शोधात कचेरीची पायरी चढलेली ती मुलगी, ही सारी ऐकू येईनाशी होतात. कर्टिसने तिला विसरू दिले नव्हते. आपणही विसरू नये.