उन्हाळ्यात झोपणारी झाडं

एका झाडाचा जीव मी पाणी घालून घेतला, त्याची ही हकीकत आहे. सुरुवात तिथून आहे. पुढे ती दोन-अडीचशे वर्षांच्या इतिहासात शिरते, कारण मी पेशाने इतिहासाचा शिक्षक.

मी माणदेशातला. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात, दहिवडीजवळच्या एका गावात वाढलो. १९७२ च्या दुष्काळात मी अकरावीत होतो. आमची आई तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायची आणि आमच्या अंघोळीचं पाणी चरातून परसातल्या लिंबोणीला जायचं. झाडाला पाणी घालणं हे पुण्य आणि डोळ्यांदेखत झाड वाळू देणं हे पाप, एवढा हिशेब आमच्या घरात पक्का होता. तो हिशेब घेऊनच मी २०१५ च्या मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेला गेलो.

लेक राहते लॉस एंजेलिसजवळ पासाडेना गावात. त्या वर्षी कॅलिफोर्नियात दुष्काळाचं चौथं वर्ष होतं. १ एप्रिलला गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडाच्या डोंगरात गेले होते. एरवी तिथे माणसाच्या उंचीएवढा बर्फ असायचा, त्या दिवशी नुसतं वाळलेलं गवत होतं. तिथेच उभं राहून त्यांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम जाहीर केला. घरापुढची हिरवळ काढून टाकणाऱ्याला पाणीपुरवठा करणारी संस्था दर चौरस फुटाला २ डॉलर देत होती. लेकीनेही हिरवळ उपटून तिथे झुडपं लावली होती. राखाडी पानांची, अंगावर लव असलेली, हात लागला की कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा वास येणारी.

"ही कसली गं?" मी विचारलं.

"साल्व्हिया, बाबा."

साल्व्हिया मला ठाऊक होता. हिवाळ्यात आपल्याकडे सरकारी विश्रामगृहांच्या वाफ्यांत लालभडक फुलांच्या तुऱ्यांची रोपं लावतात, तोच साल्व्हिया. पण तो मूळचा ब्राझीलचा, पाण्याला हपापलेला. हे त्याचे कॅलिफोर्नियातले भाऊबंद. सगळं कूळ तुळशीचंच. पुदिना, सब्जा, पानओवा हेही त्यातलेच. तुळशीचं गोत्र म्हटल्यावर मला आपुलकी वाटली, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्यातलं एक झुडूप निळ्या-जांभळ्या फुलांचं होतं. सॅन दिएगोचे वकील डॅनियल क्लीव्हलँड यांच्या नावावरून त्याला क्लीव्हलँड सेज म्हणतात. जुलै आला, फुलं वाळली, पानं सुरकुतली, निम्मी गळाली. लेक कामावर गेली की मी गुपचूप दोन तांबे पाणी घालू लागलो. पुढे दोनाच्या चार झाले. तीन आठवड्यांत एकेक फांदी काळी पडत झुडूप मेलं. उपटून पाहिलं तर मुळं कुजून मऊ झालेली.

लेकीने कपाळाला हात लावला नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, ते वाळलं नव्हतं. झोपलं होतं."

मग तिने मला समजावलं. लॉस एंजेलिसला वर्षाला सरासरी १४-१५ इंच पाऊस पडतो, म्हणजे आमच्या माणदेशाहूनही कमी. पण पडतो तो हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळा संपूर्ण कोरडा. आपली झाडं पावसाळ्यात वाढतात, तिथली हिवाळ्यात. उन्हाळा आला की त्यातले काही सेज मोठी पानं गाळून टाकतात, बारीक पानं तेवढी ठेवतात आणि थांबून राहतात. पानांवरची पांढरी लव ऊन परतवते. अशा वेळी तापलेल्या जमिनीत पाणी मुरलं की मुळं कुजवणारी बुरशी माजते. म्हणजे माझं पुण्य तिथे विषासारखं लागलं होतं.

मला राहवेना. पासाडेनाच्या वाचनालयात जाऊन मी त्या भागाचा इतिहास वाचायला बसलो. एकच प्रश्न डोक्यात होता: जिथली झाडं उन्हाळ्यात पाणीच मागत नाहीत, त्या शहराचं पाणी संपलं कसं?

उत्तर १९१३ सालात सापडलं. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विल्यम मुल्होलंड या अभियंत्याने २३३ मैलांवरच्या ओवेन्स खोऱ्यातलं पाणी कालव्याने लॉस एंजेलिसला आणलं. काम अचाट होतं यात शंका नाही. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत तिकडचा ओवेन्स तलाव कोरडा पडला आणि इकडे वाळवंटाच्या उंबरठ्यावरच्या शहरात घरोघरी इंग्लंडसारखी हिरवळ अंथरली गेली. पाणी नळाने येतं म्हटल्यावर आभाळाकडे कोण बघतो!

गंमत म्हणजे, हे चुकतं आहे हे ज्याच्या ध्यानात आलं तो माणूस इंग्लंडहूनच आला होता. थिओडोर पेन त्याचं नाव. जन्म १८७२ चा. बागकामाचं रीतसर शिक्षण घेऊन १८९३ साली तो कॅलिफोर्नियात आला आणि हेलेना मोजेस्का या पोलिश अभिनेत्रीच्या मळ्यावर माळी म्हणून लागला. भोवतालच्या डोंगरांवर हिवाळ्याच्या पावसानंतर जो रंगांचा उत्सव होई तो त्याने तिथे पाहिला. डोंगर नांगरले जात होते, वस्ती वाढत होती, फुलं मागे हटत होती. ती जगवायची तर बागेत आणायला हवीत, हे त्याने ओळखलं.

१९०३ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याने स्वतःचा बी-बियाण्यांचा आणि रोपांचा व्यवसाय सुरू केला. रानफुलांचं बी कोण विकत घेणार? सेजच्या झुडपांना लोक सरळ 'ब्रश' म्हणत, म्हणजे झाडोरा, साफ करायची वस्तू. वास्तविक या मुलुखाच्या रानफुलांचं बी डेव्हिड डग्लस नावाच्या वनस्पती-संग्राहकाने १८३० च्या दशकातच लंडनला धाडलं होतं. तिकडच्या बागांत ही फुलं कौतुकाने लावली जात. इथे मात्र घरापुढे लावायला इथल्याच लोकांना कमीपणा वाटे. पेनने मग हॉलिवूड आणि पासाडेनातल्या मोकळ्या भूखंडांवर बी फेकलं. फुलं आली तेव्हा लोक थांबून पाहू लागले. १९१५ साली एक्स्पोझिशन पार्कमध्ये त्याने पाच एकरांत २६२ जातींची देशी बाग उभी केली. आयुष्यभरात चारशेहून अधिक देशी वनस्पती त्याने रोपवाटिकेत आणल्या. १९६० साली त्याच्या नावाची संस्था निघाली, १९६३ मध्ये तो वारला. सन व्हॅलीतल्या त्या संस्थेच्या रोपवाटिकेतूनच माझ्या लेकीने आपली झुडपं आणली होती. मी मारलं तेही.

याच वाटेवरची दुसरी व्यक्ती म्हणजे लेस्टर राउंट्री. नाव पुरुषी वाटलं तरी या बाई. याही जन्माने इंग्लंडच्या. पन्नाशी उलटल्यावर, १९३० च्या दशकात, त्या एकट्या मोटार घेऊन डोंगरदऱ्यांतून बी गोळा करत हिंडू लागल्या. १९३६ साली त्यांचं 'हार्डी कॅलिफोर्नियन्स' हे पुस्तक आलं. कुठली वनस्पती कुठल्या उतारावर, कसल्या मातीत सुखात असते, हे जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ती बागेत लावू नये, असा त्यांचा बाणा. १९७९ साली शंभरी पूर्ण करून त्या गेल्या.

पण इतिहासाच्या शिक्षकाने इथेच थांबणं बरं नव्हे. पेनने ही झाडं शोधून काढली असं म्हणणं म्हणजे अर्धंच सांगणं. चुमाश, टोंगवा, काहुइया या तिथल्या मूळ लोकांना ती हजारो वर्षं ठाऊक होती. चिया म्हणून आज आपल्या दुकानांत जे बी मिळतं ते मेक्सिकोकडच्या साल्व्हियाचं. त्याचाच एक भाऊ दक्षिण कॅलिफोर्नियाच्या माळांवर उगवतो. बायका टोपलीत त्याचं बी झोडून घेत, भाजून पीठ करत. पाण्यात टाकलं की ते सब्जासारखं फुगतं. चुमाश लोक ठराविक काळाने माळ जाळत, कारण जळल्या जमिनीवर चिया दाट येई. १७९३ साली स्पॅनिश गव्हर्नर अरियागाने हे जाळणं बंद करण्याचा हुकूम काढला. त्याला ती नुसती जाळपोळ दिसली. शेती दिसली नाही. पांढरा सेज तर त्या लोकांना आपल्या धूपासारखा पवित्र. अलीकडे त्याच्या जुड्या जगभर विकल्या जातात आणि त्यापायी डोंगरांवरून त्याची चोरटी तोड होते.

ऑक्टोबर सरला, हवा उतरली. परतण्याआधी मेलेल्या झुडपाच्या जागी आम्ही नवं रोप लावलं. तिकडे लावणीचा हंगाम तोच. खत नाही, शेण नाही. उताराची, पाणी न साचणारी जागा आणि बुंध्यापासून जरा दूर खड्यांचं आच्छादन. मुळं धरेपर्यंत पहिलं वर्षभर बेताने पाणी, मग ज्याचं त्याने पाहायचं. लेक हसत म्हणाली, "बाबा, याला तांब्या दाखवू नका."

त्यानंतर तिकडे बरंच बदललं. २०२३ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला. कार्यालयं, दुकानं अशा आवारांतल्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला पिण्याचं पाणी घालायला २०२७ पासून टप्प्याटप्प्याने मनाई. पेनच्या पाच एकरांनंतर शंभरावर वर्षांनी.

मी गावी आलो. घरापुढच्या तुकड्यात काय लावावं म्हणून एका रोपवाटिकेत गेलो आणि तरवड मागितला. आमच्या माळांवर कितीही अवर्षण पडो, पिवळ्याधमक फुलांनी लदबदतो तो तरवड. एके काळी त्याच्या सालीवर कातडी कमवली जात. रोपवाटिकेवाला हसायलाच लागला. "तरवड? अहो गुरुजी, तो काय विकत घ्यायचा असतो? शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत त्याला. तुम्हाला झकास लॉन देतो की."

मला थिओडोर पेनच आठवला. दुकानात नाही तर नाही. माळावरून वाळल्या शेंगा आणल्या आणि मृगाच्या तोंडाला बी पेरलं. पहिलं वर्ष थोडं पाणी दिलं, दुसऱ्या वर्षापासून हात आवरला. आता फुलं आली की येणारे-जाणारे विचारतात, हे कुठलं हो झाड? माळावर रोज पाहतात, पण दारात ओळखत नाहीत.

संध्याकाळी तांब्या मात्र सवयीने अजून भरला जातो. तो तुळशीला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)