मतदान प्रतिनिधी : अधिकार आणि मर्यादा

मतदान केंद्रात मतदारयादी समोर घेऊन बसणाऱ्या व्यक्तीला बोलीभाषेत 'पक्षाचा पोलिंग एजंट' म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो पक्षाचा नव्हे, तर उमेदवाराचा प्रतिनिधी असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ४६नुसार उमेदवार किंवा त्याचा निवडणूक प्रतिनिधी प्रत्येक केंद्रासाठी एक मतदान प्रतिनिधी व दोन बदली प्रतिनिधी नेमू शकतो. ही नेमणूक नमुना १०वर होते. तिघांपैकी एका वेळी एकालाच केंद्रात बसता येते. सरकारी कर्मचाऱ्याने हे काम केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रतिनिधीचे काम मतदानापूर्वीच सुरू होते. किमान ५० मतांचे अभिरूप मतदान त्याच्यासमोर घेतले जाते आणि नंतर यंत्रातील ती मते पुसली जातात. मतदाराच्या ओळखीविषयी शंका असल्यास दोन रुपये भरून त्याला आक्षेप नोंदवता येतो. केंद्राध्यक्ष तेथेच चौकशी करून निर्णय देतात. आक्षेप खोडसाळ ठरल्यास रक्कम जप्त होते. मतदाराला अडवणे किंवा केंद्रात प्रचार करणे हा त्याचा अधिकार नाही. मतदानाची गुप्तता भंग केल्यास कलम १२८नुसार शिक्षा होते.

त्याचा सर्वांत महत्त्वाचा हक्क मतदान संपल्यावरचा आहे. यंत्रात किती मते नोंदली गेली, याचा हिशेब नमुना १७-सीमध्ये लिहून त्याची साक्षांकित प्रत उपस्थित प्रतिनिधींना द्यावी लागते. मतमोजणीच्या दिवशी यंत्रातील एकूण मते याच आकड्याशी ताडून पाहता येतात.

या कागदाचे मोल २०२४मध्ये ठळकपणे दिसले. महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर रोजी झालेल्या मतदानाचा सायंकाळी पाचचा तात्पुरता आकडा ५८.२२ टक्के, तर अंतिम आकडा ६६.०५ टक्के होता. या वाढीवर विरोधकांनी शंका घेतली, तेव्हा निवडणूक आयोगाने नमुना १७-सीच्या प्रती प्रतिनिधींकडे असल्याकडे लक्ष वेधले. सर्वसामान्य मतदाराला ही प्रत केंद्रावर मिळत नाही. त्यामुळे ज्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी शेवटपर्यंत थांबत नाही, तेथील पडताळणीचा हा आधार तो उमेदवार स्वतःच गमावतो.